रकाना सात

नावासाठी चौकोन दहाच.
लुझविमिंडा बरोबर मावतं, आडनाव बाहेर थंडीत उभं.
तीन बेटांची नावं तोडून जोडलेलं माझं नाव,
आईनं नकाशा पाहून ठेवलेलं.
राहते मी चौथ्याच बेटावर, कोडियाकला,
जिथे डिसेंबरात दुपारी चारलाच दिवस दुकान बंद करतो.

ग्रंथालयातली आगाफ्या म्हणते, आडनाव खाली लिही,
पेन दाबून.
तिचे पुढचे दोन दात नाहीत
आणि ती सगळ्यांहून मोठ्यानं हसते.

शिक्षण. दाखला जोडा.
शाळा वादळात गेली, बाई.
छप्पर भाताच्या खाचरात सापडलं, दप्तर नाही.
मुख्याध्यापिकेच्या मुलीचं पत्र जोडलंय,
ती आता दुबईत लोकांचे केस कापते.

लस. काविळीची, तीन डोस.
हे मात्र आहे. पिवळं कार्ड,
माशांच्या पाण्यानं सुरकुतलेलं.

अनुभव.
अकरा वर्षं. कॉड, पोलॉक, हॅलिबट.
सुरी, हातमोजे, बर्फ, पुन्हा सुरी.
दातांशी संबंधित काही?
हॅलिबटचे दात आत वळलेले असतात,
बोट अडकलं तर ओढायचं नाही,
आधी आणखी आत ढकलायचं.
हे लिहू का, विचारलं.
आगाफ्या म्हणाली, नको.
थोड्या वेळानं म्हणाली, लिही.

शिफारसपत्रं दोन. नातेवाइकांची चालणार नाहीत.
एक आगाफ्यानं दिलं.
दुसऱ्यासाठी, ज्याच्या घरी आमच्यापैकी कुणी सून नाही, जावई नाही,
असा एकच माणूस आठवला: फोरमन ऑर्विल.
त्याच्यापुढे दाताच्या कण्या केल्या.
तो म्हणाला, लाइन चालू आहे.

दवाखान्यात वीस तास नुसतं उभं राहून बघायचं, अशी अट.
नुसतं उभं राहणं मला येत नाही.
डॉक्टर थोर्सन बाईंनी शेवटी ट्रे पुसायला दिले.
चौदाव्या तासाला ऑर्विल आला,
गालावर पाव ठेवल्यासारखी सूज.

ते तोंड मी अकरा वर्षं ओळखते,
पण बाहेरून.
आत खालची उजवी दाढ म्हणजे
ओहोटीला उघडी पडलेली बोट,
फक्त फासळ्या.
सुई दिसली तसा त्यानं माझ्या बाहीचा काठ पकडला,
कुणाची बाही आहे ते न बघता.
मग बघितलं.
सोडली नाही.

त्याच्यावर मी धरलेला दात
त्या दिवशी काही निघाला नाही.
हलला मात्र.

रकाना सात.
हे काम तुम्हाला का करायचं आहे? दोनशे शब्दांत.
आधी लिहिलं: लोकांच्या चेहऱ्यावर हसू फुलवण्यासाठी.
आगाफ्यानं वाचलं आणि इतकी हसली
की वर्तमानपत्रवाले म्हातारे वळून बघायला लागले.
खोडलं.
मग लिहिलं: तिथे ऊब असते.
बसायला स्टूल असतं.
लवंगेच्या तेलाचा वास केसांत राहिला
तरी बाजूचा माणूस सरकून बसत नाही.
त्या खुर्चीत कुणालाच ओरडता येत नाही,
आणि ओरडता न येणाऱ्या माणसाचा
हात कुठे जातो, ते मला कळतं.
शब्द मोजले. दीडशेहून जास्त कमी पडत होते.
पडू देत.

मुदतीच्या आदल्या रात्री माझ्या लॉकरच्या फटीत
डिझेलच्या पावतीची पाठ:
हात थरथरत नाही. वेळेवर येते.
सही. तारीख चुकीची.
तशीच जोडली.

निकाल एप्रिलात.
तोवर रात्रपाळी. पट्ट्यावरून कॉड येतात
तोंडं उघडी टाकून, आणि मी मोजते,
वर उजवीकडून एक, दोन, तीन,
सात-आठला सुरी थांबते,
आणि मागून ऑर्विल ओरडतो,
तोंडाच्या डाव्या बाजूनं.